कान तुटलेला कप

शिवाशिवीवरच्या कॉलेजच्या शॉर्टफिल्मसाठी चेतनाला, जुन्या काळी गड्यासाठी वेगळा ठेवायचे, तसला कप हवा होता. अख्खं जळगाव पालथं घातलं, पण मनासारखा मिळेना. "बघणाऱ्याला शिसारी आली पाहिजे," असं ती ज्याला त्याला बजावत होती.

शूटिंगला सगळे पारोळ्याजवळ तिच्या मामाच्या गावी गेले, तेव्हा मामीनं गोठ्याच्या कोनाड्यातून एक कप काढून दिला. कान तुटलेला, आत चहाचा काळा थर, कडेला मेलेली माशी. चेतनानं लगेच कॅमेरा त्याच्यावर रोखला. तिला हवा होता अगदी तसाच!

शूटिंग संपल्यावर तिनं विचारलं, "मामी, हा कप आठवण म्हणून नेऊ?"


"नको वं माय! रोज सकायले हिलाल येस गोठा झाडाले. मंग त्याले चहा कशामा देऊ?"