प्रशिक्षण विमान, प्रकार तिसरा

धावपट्टीवर उतरताच विमान पुन्हा ओकलं. हिरवट, कोमट, सडक्या काकडीच्या वासाचं ते द्रव्य पुढच्या सीटखाली साचलं आणि कॅडेट रेवती खानविलकरच्या बुटात शिरलं.

या विमानाच्या पहिल्या प्रकारात गुण शिक्षक द्यायचे. तेव्हा वशिला चालायचा. दुसऱ्यात संगणक द्यायचा. त्याला मुलांनी महिन्याभरात गुंडाळलं. म्हणून तिसऱ्या प्रकारात कारखान्यानं जिवंत जठर वाढवून बसवलं. उड्डाण वाईट झालं की त्याला मळमळतं. ज्याच्या हातून विमान ओकलं त्यानंच ते पुसायचं, आणि तीनदा पुसलं की घरी जायचं, असा तळावरचा रिवाज. रेवतीनं आजवर दोनदा पुसलं होतं.

"घे फडकं," मागच्या सीटवरून उतरत विंग कमांडर निमकर नाकाला रुमाल लावून म्हणाले.

"सर, उतरताना स्टिक तुमच्या हातात होती."

"तू घाबरलीस म्हणून घेतली. त्याचं पोट आधीच बिघडलं होतं."

मेकॅनिक भालेराव बादली घेऊन दोघांच्या मध्ये उभे राहिले. "मग सर, ठरवायचं कुणी?"

"यात ठरवायचं काय? माझा हात त्याला चांगला ओळखीचा आहे. बघा." निमकरांनी पुढच्या सीटवर वाकून स्टिक अलगद धरली.

विमानाच्या पोटात गुडगुडलं. मग उरलंसुरलं सगळं निमकरांच्या रुमालावर आलं. रुमाल अजून नाकावरच होता.

भालेरावांनी बादली हळूच त्यांच्या पायाशी ठेवली. "फडकं भिजवलेलंच आहे, सर."