भिंतीतली वीट

“शेजारी असून दोन दिवस तुला पत्ताच नाही?” भागरताबाईच्या प्रेताजवळ उभं राहून चाळीचे नवे मॅनेजर शेवंतावर खेकसले. बालाघाटजवळच्या खाणमजुरांच्या चाळीत दोघींच्या खोल्या पाठीला पाठ लावून होत्या, दारं मात्र दोन निराळ्या गल्ल्यांत उघडायची. मधल्या भिंतीतली एक वीट त्यांनी काढून ठेवली होती. रोज पहाटे एकटी राहणारी म्हातारी भागरताबाई तिथून गोवरी पुढे करायची आणि शेवंता त्या गोवरीवर निखारा ठेवायची. गोवरी आली नाही तर शेवंता वळसा घालून धावत जायची. महिन्यापूर्वी याच साहेबांनी नियम दाखवून ती वीट सिमेंटने पक्की बसवली आणि म्हातारीला काडेपेटी दिली. शेवंताने आता लोखंडी सब्बल आणली, भिंतीवर घाव घातले आणि वीट उपसून साहेबांच्या हातात कोंबली. “मले काहून इचारता? दोन दिस म्हातारी इलेच हाका मारत असन. इले इचारा!”