दुःखावरचं पुस्तक

आमच्या चर्चच्या मंडळीतली प्रेतं मी पुरली आणि दुःखावरचं पुस्तक लिहिलं थोरल्या पाळकांनी, रेव्हरंड हिवाळ्यांनी. बिशपांनी त्यांना शाल घातली, त्या समारंभाच्या खुर्च्याही धाकटा पाळक म्हणून मीच मांडल्या. जळलो, खोटं कशाला बोलू?

मग त्यांची बायको गेली. कबरीपाशी त्यांच्या तोंडून प्रार्थनाही फुटेना. मी मुद्दाम त्यांचंच पुस्तक उघडून वाचायला लागलो. म्हटलं, जगाला वाटलेला धीर आता स्वतः घ्या!

दुसऱ्याच ओळीला ते म्हणाले, "पाटोळे, बंद कर ते. कदमांचं बाळ गेलं तेव्हा तू काय बोलला होतास? ते बोल."

तेव्हा मी काहीच बोललो नव्हतो. नुसता त्या आईशेजारी मातीत बसलो होतो.

मी पुस्तक मिटलं आणि हिवाळ्यांच्या शेजारी बसलो.