मोठी पिशवी

यंत्र थांबलं आणि हेमांगी पिशव्यांकडे वळली.

रुग्णाच्या रक्तातून कॅन्सरशी लढू शकतील अशा पेशी चुंबकाने वेचून छोट्या पिशवीत घ्यायच्या, उरलेलं सगळं मोठ्या पिशवीत सोडायचं, हे तिचं प्रयोगशाळेतलं रोजचं काम. आज रक्त चिमुकल्या चिऊचं होतं, आणि छोट्या पिशवीचा तळही धड भिजला नव्हता. एवढ्याशा पेशींतून औषध होणार नव्हतं, आणि पुन्हा रक्त द्यायला त्या पोरीच्या अंगात काही उरलं नव्हतं.

फेकायला म्हणून हेमांगीने मोठी पिशवी उचलली. काचेपलीकडे सकाळपासून ताटकळलेल्या चिऊच्या बाबांनी ती टम्म भरलेली पिशवी पाहिली आणि हातच जोडले.

"अहो दादा, ही नाही!" हेमांगी ओरडली. पण जाड काचेतून आवाज जाईना, मास्क-चष्म्याआडून चेहरा दिसेना. बाबांनी तोवर वॉर्डात व्हिडिओ कॉल लावून फोन काचेला टेकवलाही होता.

पडद्यावर चिऊ हसत होती. डोक्यावर एक केस नव्हता. मोठी पिशवी बघून तिने हात हलवला.

नाही म्हणायला निघालेली हेमांगीची मान जागीच थबकली. हातमोज्यातला हात वर करून तिनेही हलवला.