खलनायिकेचं हसू

ऑफिसात तिला सगळे ‘मूकपट’ म्हणत. म्हणूनच हॅलोविनच्या पार्टीला कॉमिकमधली खलनायिका व्हायचं तिनं ठरवलं. जुन्या पडद्याचा झगा शिवला, पुठ्ठ्याचा मुखवटा काळा रंगवला.

“ताई, दिसतेस झकास! पण खलनायिका खदाखदा हसते. जमेल तुला?” धाकट्या बहिणीनं डिवचलं.

तिनं मुखवटा चढवला आणि हसली. असं गडगडाटी हसली, की खिडकीच्या काचा थरथरल्या.

“बाजी मारलीस, ताई!” बहीण टाळ्या पिटू लागली.

तिची छाती अभिमानानं फुलली. आता सगळ्यांची बोलती बंद होणार होती! घशाला कोरड पडली, तसा तिनं मुखवटा काढून टेबलावर ठेवला आणि गटागटा पाणी प्यायली.

बहिणीच्या टाळ्या थांबल्या.

टेबलावरच्या मुखवट्याचं हसू थांबलं नव्हतं.