उजव्या टाचेचा खड्डा

"आई, बघा, बाबांच्या चपला अगदी नव्या झाल्या!" शलाका, कुमुदची सून, हौसेनं गच्चीवरून चपला घेऊन आली.

कुमुदनं उजवी चप्पल उलटून टाच चाचपली. तिच्या नवऱ्याच्या, जयवंतरावांच्याच कारखान्यातलं हे रबर. तेल, अ‍ॅसिड कशालाच जुमानायचं नाही, आणि झिजलं तरी ऊन लागताच आपोआप भरून यायचं. म्हणून तर ते गेल्यापासून तिनं या चपला पलंगाखाली अंधारात जपल्या होत्या. ते उजवा पाय खरखर घासत चालायचे. टाचेला चांगला खड्डा पडला होता. शलाकानं चपला धुऊन वाळत घातल्या, आणि टाच गुळगुळीत झाली.

"चुकलं का काही?"

"नाही गं."

कुमुदनं चपला पायांत सरकवल्या आणि उजवा पाय खरखर घासत ती स्वयंपाकघराकडे निघाली.