गोलूचा बोगदा

नागपूरची मेट्रो खांबांवरून धावते, त्यामुळे पंचफुलाबाईंनी मेट्रोचा बोगदा कधी पाहिला नव्हता. पुण्यात नोकरीला असलेला त्यांचा गोलू मात्र रोज संध्याकाळी मेट्रोतून फोन करायचा. त्यांनी भिवापूरच्या मुलीचा फोटो पुढ्यात घेऊन लग्नाचा विषय काढला, की लगेच म्हणायचा, “आई, बोगदा आला, नेटवर्क जाते आता.” आणि फोन बंद. आज त्यांनी फोटो मुद्दाम पालथा ठेवला. सकाळचा गोळाभात, शेजारणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं ऐकवलं. चार स्टेशनांच्या घोषणा फोनवर खणखणीत ऐकू आल्या. बोगदा काही येईना. पंचफुलाबाईंनी पदरानं चष्मा पुसला आणि विचारलं, “खरं सांग गा, तुह्या बाजूले कोण बसून राहिलं?” फोन चालूच राहिला. पुढच्या स्टेशनाची घोषणा झाली. मग कुणी मुलगी कुजबुजली, “अरे, बोगदा आला म्हण ना!”